सतराव्या टेस्टचा उन्हाळा

मला मे महिना आवडत नाही. जळगावात राहून असं म्हणणं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर, पण आता या वयात मी कुणाची भीड बाळगू? उन्हाळा आला की लोकांना आंबे आठवतात, मामाचं गाव आठवतं, गच्चीवरच्या पापड-कुरडयांचा वास आठवतो. त्यांनी तो खुशाल हुंगावा. मला आठवतो राळेचा जळका धूर, पत्र्याखालची खोली, आणि डोक्यावर लटकलेला, न फिरणारा पंखा. वीज होती, पंखाही धड होता. तरी तो बंद असे, कारण एका माणसाने तो बंद केलेला असे.

यंदाही मे आलाच. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. केळीच्या बागांच्या कडेची पानं करपून चिंध्या झाली आहेत. शेजारचे गृहस्थ रोज सकाळी फाटकाशी उभे राहून मला कालचा पारा सांगतात, जणू त्यांनीच शिडी लावून चढवला. मी दार लावून घेते आणि पंखा पाचवर करते. आमच्याकडे पंखा कधीच बंद होत नाही, त्यावरून घरात बोलणी होतात, आणि मी कुणाला काही समजावून सांगत नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी जळगावला नानांच्या कारखान्यात लागले होते. कारखाना हा शब्द नानांचा. होती एक लांब खोली, वर पत्रे, भिंतीला दोन टेबलं. नाना रावेरकडचे, केळीवाल्यांच्या घरातले. बागेत मन रमेना म्हणून ते शहरात आले आणि कॉलेजांना लागणाऱ्या मायक्रोप्रोसेसरच्या शिकवणीच्या पेट्या बनवू लागले. लाकडी पेटी उघडली की आत हिरवा बोर्ड, वीस-पंचवीस बटणं आणि लाल आकड्यांची एक पट्टी. स्वतः नानांना त्यातलं फारसं कळत नसे, पण पेटीला पॉलिश कसं हवं ते त्यांना पक्कं कळायचं. मी पिंप्राळ्याला एका खोलीत भाड्याने राहायचे आणि सायकल मारत यायचे, जाताना डोक्यावर ऊन, येताना तोंडावर.

त्या पेटीच्या पोटात एक प्रोग्राम कायमचा बसवलेला असे, त्याला आम्ही डीबगर म्हणायचो. त्याचं काम पोलिसाचं. पोरांनी लिहिलेला प्रोग्राम एकेक ओळ पुढे सरकवायचा, प्रत्येक ओळीनंतर त्याला थांबवायचं आणि प्रोसेसरच्या हातात त्या क्षणी काय आहे ते लाल आकड्यांत दाखवायचं. चूक शोधायची ती अशी, पावलापावलाला अडवून. पण पोलीस खरं बोलतोय की नाही हे कुणी बघायचं? त्यासाठी टेस्ट होत्या. चार-पाच ओळींचे इवलेसे प्रोग्राम, थेट प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत लिहिलेले, ज्यांचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं. डीबगरचं उत्तर तेच आलं तर पेटी पास.

अशा चाळीस टेस्ट एका लांबट वहीत होत्या. माझ्या आधीच्या इंजिनीअरने त्या लिहिल्या होत्या. तो पुण्याला निघून गेला, वही राहिली. पाच रकाने होते. नंबर, प्रोग्राम, अपेक्षित उत्तर, आलेलं उत्तर, आणि शेवटचा रकाना दोषाचा. पहिल्याच पानावर त्याने लाल शाईत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या: जितक्या ओळी तितके थांबे. मी त्या वाक्याला देवासारखं मानायचे.

त्या वर्षी कॉलेजांचा अभ्यासक्रम बदलला आणि नवा प्रोसेसर आला. जुना आठ बिटांचा, हा सोळाचा. नाना म्हणाले, "ताई, याचाच मोठा भाऊ आहे तो. आठाच्या जागी सोळा लिहायचं, संपलं." संपलं! भाऊ कसला, ते सगळं घराणंच वेगळं होतं. जुन्याच्या भाषेतली एक ओळ नव्याला जशीच्या तशी कळेल तर शपथ. हातातल्या खान्यांची नावं वेगळी, आणि मेमरीतला पत्ता लिहायचा तो दोन तुकड्यांत: एका खान्यात गल्ली, दुसऱ्यात घर नंबर. नवा डीबगर नानांनी त्या पुण्याच्या इंजिनीअरकडून लिहून घेतला. चाळीस टेस्ट नव्या प्रोसेसरसाठी बदलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जूनमध्ये अकरा कॉलेजांना पेट्या जायच्या होत्या.

आज हे सांगताना लोकांना वाटतं, बाईंनी कॉम्प्युटरवर टकटक केलं असेल. कॉम्प्युटर कुठला? कागद, पेन्सिल आणि खोडरबर. एकेक ओळ लिहायची, प्रोसेसरच्या पुस्तकात बघून तिचे आकडे काढायचे, ते बटणांनी एकेक करून आत घालायचे. बोटाला घाम, बटण घसरलं की पहिल्यापासून. पुस्तक तरी कुठे होतं? धुळ्याच्या कॉलेजच्या लायब्ररीत एक प्रत होती. एप्रिलमध्ये मी तिची झेरॉक्स काढून आणली होती. पुस्तकाचं पान लांब, कागद आखूड. घाईघाईत प्रत्येक पानाची शेवटची ओळ बाहेर राहिली. बसमध्ये ते लक्षात आलं. एका ओळीने काय बिघडतं, म्हणून मी खिडकीचा पडदा ओढून झोपले.

प्रोग्राम ज्या चिपमध्ये भरायचे तिच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. त्या खिडकीतून जांभळ्या दिव्याचा प्रकाश पाडला की चिप पुसली जाते आणि पुन्हा लिहिता येते. आमचा दिवा गेला होता. नाना म्हणाले, नवा कशाला, वर एवढा मोठा दिवा फुकट आहे. मग चिपा स्टीलच्या ताटात मांडून आम्ही त्या पत्र्यावर ठेवायचो, कुरडयांसारख्या. सात-आठ दिवसांत कोऱ्या व्हायच्या. जळगावच्या उन्हाचा मला झालेला हा एकमेव उपयोग, आणि ताट उतरवताना बोटं भाजायची ती वेगळीच.

आता शरीफभाईंबद्दल. पन्नाशीचे, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. नव्या पेटीचे पहिले तीन बोर्ड त्यांनी हाताने तारा जोडून बनवले होते. डाख द्यायची, म्हणजे राळेच्या धुरात वितळल्या कथलाने तारा जोडायची, त्यांची पद्धत अशी होती की मला हेवा वाटायचा: थेंब ठेवायचे, हात काढायचे, आणि तो थेंब डाळिंबाच्या दाण्यासारखा बसायचा. पण डाख देताना पंखा चालत नाही. वाऱ्याने तापल्या कांडीचं टोक निवतं, डाख धरत नाही. म्हणून शरीफभाई आले की पहिलं काम, पंखा बंद. मी उठून लावायचे. ते उठून बंद करायचे. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत आमचं हे युद्ध चालायचं, आणि त्यात मीच हरायचे, कारण काम त्यांचं खरं होतं.

"इंजिनीअर बाई, पाच मिनट," ते म्हणायचे.

"तुमची पाच मिनिटं जेवणापर्यंत चालतात."

"तर मग बाहेर बसा. बाहेर हवाच हवा आहे."

बाहेर लू वाहत होती. एवढं बोलून ते गालात हसायचे. मला इंजिनीअर बाई म्हणताना त्या 'इंजिनीअर'वर त्यांचा जो किंचित जोर पडायचा, तो मला अजून ऐकू येतो. मी तेवीस वर्षांची होते. मला त्या माणसाचा राग यायचा, साधासुधा नाही, पोटातून.

सोळा टेस्ट पास झाल्या. सतरावी अडली. चार ओळींचा प्रोग्राम होता. जितक्या ओळी तितके थांबे, म्हणून अपेक्षित उत्तराच्या रकान्यात मी चार लिहिलं होतं. डीबगर तीनदाच थांबला. दुसऱ्या ओळीनंतरचा थांबा गाळून तो सरळ तिसरीच्या पुढे जाऊन उभा राहिला. पुन्हा केलं. पुन्हा तीन. दुसऱ्या बोर्डावर तीन, तिसऱ्यावरही तीन. नाना मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "म्हणजे काय ताई?" मी म्हटलं, "थांबवणारी तार कुठेतरी चुकली असेल."

शरीफभाईंनी तिन्ही बोर्ड उपसले. भर दुपारी, पंखा बंद, बनियन पाठीला चिकटलेलं. एकेक तार सोडवून पुन्हा जोडली. तीन दिवस. मी समोर बसून त्यांच्या हाताकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी टेस्ट लावली. तीन.

"बाई, तुमची वही एकदा बघा," ते म्हणाले. आवाज चढवला नाही.

"वही कशी चुकेल?"

"चुकते. माणसानेच लिहिली ना? माझा हात चुकतो, मी नाही कुठं म्हणतो. पण माझा हात तीन बोर्डांवर एकाच जागी नाही चुकत. चुकला तर तीन जागी चुकेल."

किती साधी गोष्ट होती! यात न कळण्यासारखं काय होतं? डिप्लोमाला पहिल्या वर्षी हेच शिकवतात: तिन्हीकडे सारखाच दोष दिसला तर तिन्हींत जे सामाईक आहे ते तपासा. सामाईक होता प्रोसेसर, आणि सामाईक होती माझी टेस्ट. पण नाना बघत होते, घाम डोळ्यांत जात होता, आणि वर तो पंखा बंद होता. मी वही ओढली. सतरावी टेस्ट पानाच्या अगदी तळाला होती. दोषाच्या रकान्यात मी लिहिलं: वायरिंग. मागच्या सगळ्या नोंदींत नुसतं तेवढंच असे, वायरिंग, नाहीतर बटण, नाहीतर चिप. मी पुढे रेघ मारून नाव लिहिलं. शरीफ. भाईसुद्धा लिहिलं नाही.

नानांनी ते मोठ्याने वाचलं. त्यांना दुसरं काही कळत नव्हतं, पण नाव वाचता येत होतं. "शरीफभाई, उद्यापासून राहू द्या," ते म्हणाले. "मी रावेरच्या एका पोराला बोलावतो."

शरीफभाईंनी आपली हत्यारं गोळा केली. ती त्यांची स्वतःची होती. डाखाची कांडी फडक्यात गुंडाळली. दाराशी गेले, मग परत आले, आणि जाताना स्वतःच्या हाताने पंख्याचं बटण दाबलं. वारा आला. माझ्या समोरचे कागद उडाले आणि मी ते वेचत बसले.

त्या शनिवारी मी धुळ्याला घरी गेले. पारोळ्यापुढे बसची सीट अशी तापली होती की टेकता येत नव्हतं. सोमवारी सकाळी लायब्ररी उघडताच मी ते पुस्तक मागितलं. का, तर शरीफभाईंचं वाक्य कानातून जात नव्हतं. माझ्या प्रतीत बाहेर राहिलेल्या ओळी पेन्सिलने उतरवायच्या असं ठरवून बसले होते. दहा-बारा पानं गेली. मग माझ्या टेस्टच्या दुसऱ्या ओळीतल्या सूचनेचं पान आलं. तळाला बारीक टाइपात एकच ओळ होती: ही सूचना झाल्यावर पुढची सूचना पूर्ण होईपर्यंत प्रोसेसर मध्ये थांबत नाही.

दोष नव्हताच. ती रीत होती. प्रोसेसरला कुणी थांबवलं की तो आधी परतीची खूण एका ठरलेल्या जागी ठेवतो, मग थांबतो. त्या जागेचाच पत्ता बदलायचा तर दोन ओळी लागतात; एकीने गल्ली बदलते, दुसरीने घर नंबर. या दोहोंच्या मध्ये त्याला अडवलं तर गल्ली नवी आणि घर नंबर जुना, आणि खूण परक्याच्या घरात. म्हणून बनवणाऱ्यांनी ठरवलं होतं, इथे अर्ध्यावर कुणीही अडवायचं नाही. माझ्या टेस्टची दुसरी आणि तिसरी ओळ नेमकी हीच होती. चारदा थांबणं ही जुन्या प्रोसेसरची शिस्त, मी ती नव्याच्या गळ्यात बांधली होती. डीबगर खरा, बोर्ड खरा, तारा खऱ्या. खोटी होते मी, आणि फाशी संन्याशाला.

घरी आईला सांगितलं. आई साक्रीकडची, प्रोसेसर वगैरे तिला काय कळणार, पण तिने भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. "तुनी चूक शे ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "मंग तूच जाय. त्याले सांगी ये." आणि तव्यावरची भाकरी उलटली. एवढा सोपा निवाडा मला आवडला नाही.

मी गेले, पण नानांकडे. त्यांना सांगितलं, टेस्ट चुकली होती, बोर्ड बरोबर आहेत. ते म्हणाले, "म्हणजे आता पास? झालं तर मग!" मी विचारलं, "आणि शरीफभाई?" ते म्हणाले, "बोलावू की. आधी जून जाऊ द्या." वहीत मी चारचा तीन केला. उरलेल्या तेवीस टेस्टही मग एकेक ओळ मूळ पुस्तकाशी ताडून लिहिल्या, आणि त्या उत्तम झाल्या. रावेरच्या पोराने शरीफभाईंचेच बोर्ड समोर ठेवून तार-न्-तार उतरवली. पेटीबरोबर प्रत्येक कॉलेजला टेस्टच्या वहीची प्रत द्यायची होती. त्या अकराही प्रती मी स्वतः उभं राहून काढून घेतल्या. कानाला खडा लावला होता ना. प्रत्येक पान सरळ, लांब कागदावर, तळाची शेवटची ओळसुद्धा स्वच्छ.

पेट्या गेल्यावर मी शरीफभाईंकडे गेले. ते पुतण्याच्या दुकानात बसायचे, पंखे दुरुस्तीच्या. छताला दहा-बारा पंखे टांगलेले, आणि एकही चालू नाही, कारण ते डाख देत होते. मला बघून त्यांनी पायाने स्टूल पुढे सरकवलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, धुळ्याची राहिलेली ओळ, आणि या वेळी प्रती काढताना तळाची एकेक ओळ कशी जपली तेसुद्धा. त्यांनी हातातला थेंब निवेपर्यंत मान वर केली नाही.

"म्हणजे तिथं थांबायचंच नव्हतं."

"नव्हतं."

"आणि मी तीन दिवस तारा उपसल्या."

"हो."

"वहीत दुरुस्त केलं?"

"केलं. चारच्या जागी तीन."

"ते नाही विचारत. नाव."

नाव तसंच होतं. मग सांगावंच लागलं की वहीच्या त्या प्रती कॉलेजांना गेल्या. किती, त्यांनी विचारलं. अकरा. आणि नाव दिसतं त्यात?

"माझ्या लक्षात आलं नाही, शरीफभाई. पानाच्या अगदी तळाला होतं ते."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तळाच्या ओळीवर तर या वेळी तुमचं सगळं लक्ष होतं ना, बाई? आत्ताच म्हणालात."

खरं होतं. मला ती ओळ दिसली होती. मशीनच्या काचेवर पान ठेवताना दिसली होती, अकराही वेळा. नाव खोडलं असतं तर तिथे दुसरं काहीतरी लिहावं लागलं असतं, आणि काय लिहायचं ते मला ठाऊक होतं.

"कामाचं काय, काम मिळतं," ते म्हणाले. "हे पंखे आहेत, मोटारी आहेत. पण उद्या कॉलेजातली पोरं ते वाचतील. त्यांना मी ठाऊक नाही, माझा हात ठाऊक नाही. त्यांना तेवढंच ठाऊक राहणार." मग त्यांनी डाखाची कांडी उचलली. "अकरा जागी जाऊन या. मग बसू."

मी गेले नाही. अकरा पत्रं लिहायला घेतली, दोन लिहिली, एकही टाकलं नाही. वर्षभराने नोकरी बदलली. ते दुकान पुढे रस्तारुंदीत गेलं, आणि मी त्या बाजूने जायचं कधीच सोडलं होतं. मे आला की मला कुणी विचारतं, एवढी चिडचिड कशाची? उन्हाची, मी म्हणते. ऊन बिचारं. त्याने आमच्या चिपा आठ दिवसांत कोऱ्या करून दिल्या होत्या, आणखी काय करायला हवं होतं त्याने?

या महिन्यात धुळ्याच्या एका कॉलेजातून ओळखीच्या बाईंचा फोन आला. जुनी प्रयोगशाळा रिकामी करताहेत, तुमच्या वेळची एक पेटी आहे, आठवण म्हणून हवी का? आठवण! मी तरी गेले. पेटीचं पॉलिश अजून शाबूत होतं, नाना असते तर खूश झाले असते. झाकणाच्या कप्प्यात ती प्रत होती, पिवळी पडलेली. मी सतराव्या टेस्टचं पान काढलं. तळाची ओळ स्वच्छ होती. वायरिंग — शरीफ.

मी तिथल्या सहायकाकडे पेन मागितलं.

"मॅडम, पंखा लावू का? घाम आलाय तुम्हाला."

"नको. कागद उडतील."

वायरिंग खोडलं. शरीफ खोडलं. त्यावर लिहिलं: टेस्ट चुकीची. पुढे रेघ मारून माझं नाव लिहिलं, सुनंदा. जुन्या कागदावर शाई पसरत होती, म्हणून सावकाश लिहावं लागलं.

तो डोकावून बघत होता. "पण मॅडम, हा ढीग तर आजच भंगारात जायचाय."

"जाऊ द्या," मी म्हटलं. "आधी वाळू द्या."